काळ्या पडद्याच्या खोलीतल्या तिसऱ्या माणसाबाबत

प्रति,
मा. पथकप्रमुख (अहवालाखाली नाव नाही, नुसती सही आहे),
प्रयोगशाळा तपासणी पथक, मुक्काम पालघर.

विषय: कु. हेमाली हिच्यावरील प्रवेशबंदी उठवून अहवाल दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ: आपला तपासणी अहवाल, मुद्दा ७.

महोदय,

आपण अहवालात धडधडीत खोटं लिहिलं आहे. "बंद खोलीत, अंधारात, एक विद्यार्थिनी व एक पुरुष कर्मचारी असे दोघेच आढळले." दोघे नव्हते, तिघे होते. तिसरी सदर अर्जदार, मुलीची आई, नवापूरची मासेवाली.

१. हेमाली माशाच्या जिवंत पेशींवर काम करते. प्रथिनाला चमकणारा रंग जोडायचा, ते पेशीला पाजायचं आणि आत ते कुठून कुठे जातं ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. ती चमक काजव्याहून मंद, म्हणून काळे पडदे. मेलेला मासा चालत नाही, म्हणून अर्जदार खाडीतला जिवंत बोय मासा बादलीतून नेते आणि पोर पेशींसाठी खवला काढेपर्यंत तो धरून ठेवते. त्या दिवशीही ती लादीवर बादली घेऊन बसली होती.

२. निमेश, म्हणजे अहवालातला "पुरुष कर्मचारी", हा त्या सूक्ष्मदर्शकावरचा माणूस. दार वाजलं तसा तो बोलला, "सर, दोन मिनिटं थांबा, दिवा नका लावू." आपण पडदा ओढलात, सगळ्या ट्यूबा लावल्यात. पोरीची सकाळपासूनची मेहनत गेली. वर विचारलंत, "दिवा नको, असं काय चाललंय आत?" पोरीचं तोंड एवढंसं झालं.

३. मग आपण नाकाला रुमाल लावून शिपायाला म्हणालात, "आधी ही बादली बाहेर काढा." अहवालात "दुर्गंधीयुक्त बादली, नग एक" आहे. ती धरून बसलेली बाई नाही. अर्जदारानेही उठून "मी हिची आई" म्हटलं नाही. लुगडं ओलं, हाताला खवले; पोरीच्या साहेबलोकांपुढे लाज वाटली. आता त्या लाजेचीच जास्त लाज वाटते.

४. बाजारात शेजारची पाटीवाली विचारते, "काय गो चंद्रकांता, तुजी पोर काळोखात काय शिकते ता आमाला पण सांग." बाकीच्या हसतात. अर्जदार मान खाली घालून मासे कापते. हेमाली घराबाहेर पडत नाही. "आये, तू काय लिवू नको, अजून हसतील," म्हणते. अर्जदाराने ते ऐकलेलं नाही.

सबब, हेमालीला प्रयोगशाळेत परत घ्यावं. आणि आई आपल्या पायाशी बसलेली असताना मुलगी एकटी कशी धरली, याचं उत्तर लेखी द्यावं. तोंडी नको. तोंडी बाजारात पुष्कळ ऐकलं.

उत्तराची वाट बघणारी,
चंद्रकांता रामनाथ पागधरे
नवापूर, दि. २४ जानेवारी २०२५

सोबत: अहवालाची प्रत, मुद्दा ७ खाली रेघ मारून.