कुंताचं वय

नागभीड,
रविवार, १४ ऑक्टोबर १९५६

चि. भैयाजीस,

गुरुवारी, ११ तारखेला, सकाळी साडेदहा वाजता तू तुझ्या दवाखान्यात कुंताला "आ कर" म्हणालास, तिचे दात पाहिलेस आणि कागदावर तिचं वय लिहिलंस : पंचावन्न.

इथे सर्व ठीक. धान लोंबीवर आहे. तुझी खुशाली विचारत नाही; ती असणारच.

तीन वर्षं ती तुझ्याकडे बदली आया होती. कायम करायची वेळ आली तेव्हा चाळिशीच्या आतली बाई हवी अशी अट निघाली, आणि तू बैलबाजार भरवलास. "दात खोटं बोलत नाहीत," म्हणालास म्हणे. ती म्हणाली, "मंग किंमतबी सांगून टाका, डाक्टरसाहेब." कंपाउंडर हसला. काल माझ्या ओसरीवर ती हसत नव्हती. "बाई, मुखरू गेला, घरी दोन पोरी हायेत. आता मले कोण ठेवन?"

मी शिकवत होते त्या शाळेच्या दाखल रजिस्टरात तिचं नाव माझ्या अक्षरात आहे : जून १९२६, वय सहा. म्हणजे छत्तीस.

वयानेच दात झिजतात, हे कोणत्या कॉलेजात शिकलास? तिचा नवरा मुखरू तलावावर मासे धरायचा; जाळ्याचा दोरा ती वर्षानुवर्षं दातांनी तोडत आली. अंबाडीचं आंबट खाऊन लगेच दात घासायची. मी तिला कात्री दिली. आंबटानंतर नुसती चूळ भर, घासू नकोस, कडुलिंबाची काडी चावून मऊ करून घे, असं बजावलं. झिजलं ते भरून येणार नाही. उरलं ते टिकेल.

आणि विटेची भुकटी.

ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. रोज प्रार्थनेआधी मुलींच्या तळहातावर ती मी घालत असे. "जोरात घासा!" कॉन्व्हेंटात नन्सनी मला स्वच्छता शिकवली, वीट ही माझी अक्कल. कुंता आज्ञाधारक. परवापर्यंत त्याच भुकटीने घासत होती. पुढे तू माझ्याकडे राहायला आलास, तेव्हा तुझ्यासाठी मी नागपूरहून ब्रश आणि पेस्ट मागवली. भुकटीने दात खरवडले जातात हे मला तेव्हा कळत होतं, भैयाजी. तरी शाळेत तीच चालू ठेवली.

तुझे बत्तीस शाबूत आहेत. तुला ब्रश आणि तिला वीट, हे कुंताला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे.

रजिस्टरचा उतारा सोबत आहे. वय दुरुस्त केल्याचं लेखी, सहीचं उत्तर शनिवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही तर याच पत्राची नक्कल, भुकटीसकट, सिव्हिल सर्जनकडे जाईल. माझी अब्रू जाईल म्हणून मी थांबेन, असं समजू नकोस.

या खेपेस आशीर्वाद लिहीत नाही.

तुझी आत्या,
आशाबाई