पदक क्रमांक चार

४ मार्च, रविवार
विसंगती सापडली! सासरेबुवांची पाचही पदके आज भिंगाखाली घेतली. पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. वाचणारा हवा, पदक बोलते. पाचांपैकी चार कडांवर सासऱ्यांचे नाव. चौथ्या पदकावर — परका क्रमांक, नाव झिजलेले!

बाहेर दर रविवारचा तमाशा. सासऱ्यांच्या पलटणीतले सोबती, मिशाळ, दोन बस बदलून हजर.
"आधी तू दे!"
"तू दे आधी, चोरा!"
चार तास! मग चहा. अशात संशोधन कसे व्हावे?

५ मार्च
सासरे म्हणाले, "जावईबापू, मला विचारा की! मी काय मेलोय?" नम्रपणे समजावले — तोंडी साक्ष हा दुय्यम पुरावा. स्मृती झिजते, कागद झिजत नाही. (वाळवीचा अपवाद.) "बरं, शोधा," म्हणाले आणि पेपरात तोंड लपवून हसले. कारण कळले नाही.

१९ एप्रिल
अभिलेख कार्यालयाचे उत्तर! परका क्रमांक मिशाळांचा! वाटपाच्या नोंदवहीची प्रतही आली आहे : कारकुनाने दोघांची पाकिटे उलटसुलट दिली. म्हणजे सासऱ्यांचे पदक मिशाळांकडे. एकेचाळीस वर्षे कोणाच्याही लक्षात आले नाही!
बायको म्हणाली, "तुम्ही धन्य आहात." स्तुती असावी.

२० एप्रिल
मिशाळांच्या मुलाला फोन केला. तोही शिस्तीचा माणूस. दोघांनी आपापल्या घरचे पदक रजिस्टर टपालाने पाठवायचे ठरले. म्हाताऱ्यांना नंतर सांगू — आनंदाचा धक्का!

२ मे
आले! संच निर्दोष. सासऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी चौथ्या पदकाची कड अंगठ्याने चाचपली. "छान," म्हणाले. आनंदाने शब्द सुचत नसावेत.

६ मे, रविवार
मिशाळ आले नाहीत. काय ही शांतता! पाचही फितींना इस्त्री केली.

१३ मे, रविवार
नाहीत.

२० मे, रविवार
सासऱ्यांनी सकाळीच खुर्ची जिन्याच्या तोंडाशी नेली. दोन कप मांडले. बायकोने विचारले, "बाबा, फोन करू का त्यांना?"
"कशाला? त्याचं काय राहिलंय इथे?"
जेवले नाहीत. बायको माझ्याशी बोलत नाही.

२१ मे
मिशाळांच्या मुलाचा फोन. कुजबुजत होता. "आमचे रविवारी कोट घालून बसतात. बस गेली की काढून ठेवतात."
वाटपाची नोंदवही पुन्हा काढली. मार्चमध्येच विचारायला हवे होते. माणूस शेजारच्या खोलीत होता!

२४ मे, गुरुवार
रजा टाकली. दोन बस बदलून मिशाळांकडे. निमित्त — नोंदींची पडताळणी. कोट खुंटीवर होता, छातीवरच्या पदकांसकट. ते चहा सांगायला आत गेले. दीड मिनिट पुरले.
खिशातून नेलेले आणि खिशातून आणलेले, यांची नोंद केलेली नाही. आयुष्यात प्रथमच.

२७ मे, रविवार
मिशाळ पावणेदहालाच दारात. "चोरा! माझं पदक परत तुझ्याकडे कसं आलं?"
सासऱ्यांनी पेटी उघडून चौथी कड चाचपली. माझ्याकडे पाहिले. मग जिना हादरेल असे गरजले, "आधी माझं दे!"
पदक क्रमांक चार : विसंगती नाही.