हमीदभाईची नमाज

१८ नोव्हें., मंगळ.
सरपंच येऊन गेले. बंदरावर दगड बसवतायत, त्यावर हमीदभाईचं नाव. माझा थोरला भाऊ. नौदलात होता, एकाहत्तरच्या लढाईत बोटीबरोबर बुडाला. अनावरण ४ तारखेला, नौदल दिनी. "तुमच्या भाभींना स्टेजवर बसवायचंय." भाभी आत माशांना मीठ लावत होती. हात थांबला.

२१ नोव्हें.
जेवताना म्हणाली, "सलीम, दगडावर नाव घालतायत, पण त्याच्या जनाज्याची नमाज कुठे झालीय?"
खरंच नाही झाली. मय्यत मिळाली नाही, आणि तो गेल्याची नौदलाची तार आली ती अम्माने मानली नाही. शत्रूच्या तुरुंगात आहे, येईल, हेच शेवटपर्यंत. म्हणून नमाज नाही, नवरा गेल्यावर बाईने पाळायची ती इद्दतही भाभीने पाळली नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरचे दोनदा न्यायला आले, तर अम्मा म्हणाली, "तो आला तर काय सांगू त्याला?" भाभी राहिली. इथेच म्हातारी झाली.

२४ नोव्हें.
भाभीला घेऊन मौलानांकडे. मय्यत नसली तरी नमाज होते म्हणाले. पण तो गेला, असं घरातल्या कुणीतरी सांगायला हवं. मी घसा खाकरतोय तोवर भाभी बोलली, "मी सांगते. तो गेला."
हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच.

२८ नोव्हें., जुम्मा
नमाज झाली. पुढे जनाजा नाही, नुसती मोकळी जागा. म्हातारे खलाशी काठ्या टेकत आले होते. मला आवरलं नाही.
घरी आलो तर भाभीच्या हातात बांगड्या नाहीत. इद्दतीला बसलेय म्हणाली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही.
मी म्हटलं, मौलाना म्हणतील मुदत माणूस गेल्या दिवसापासून मोजतात, ती केव्हाच सरली.
"त्यांच्या लेखी सरली असेल."

४ डिसें.
सरपंच नाराज. नौदलाच्या साहेबांनी रिकामी खुर्ची बघून विचारलं. घरात दुखवटा आहे, म्हटलं.
"कोण गेलं?"
मी दगडाकडे बोट केलं. साहेब दगडाकडे वळले. सलामी दिली, तेव्हा हात बराच वेळ खाली आला नाही.

७ डिसें.
भाभीचं जेवण तुटलंय. विचारलं तर भूक नाही, एवढंच. डॉक्टरला घरी आणायचं म्हणतोय, पण ती नकोच म्हणते.
दुपारी दाराची कडी वाजली. ओढणी सावरत अर्धी उठली, इतकी वर्षं कडी वाजली की उठायची तशी. मग परत बसली. मी दार उघडलं.
"कोण आहे?" आतून.
मासेवाली, म्हटलं. तरी दाराकडेच बघत होती.