दीड हात पडदा

फ्लॉरेन्स, २ एप्रिल १४७२

चि. लापोस आजीचे आशीर्वाद.

तुझा भिंतीचा पडदा पोचला. चार माणसांनी जिन्यावरून चढवला. पाचवा तुझा बाप, नुसता ओरडायला. शिकारीचं चित्र सुरेख आहे. कुत्रे तर अगदी तुझ्या आत्यासारखे बघतात. पण तुझ्या भावाच्या, व्हिएरीच्या खोलीची भिंत आठ हात, म्हणून तू आठ हात विणायला सांगितलंस. कुणाचा हात ते सांगितलं नाहीस. तुमच्या ब्रुजचा हात आपल्यापेक्षा सहा बोटं लांब. दीड हात कापड जास्त आलं, ते कोपऱ्यातून वळून थेट माझ्या खोलीच्या दारावर. मला बाहेर यायला व्हिएरीच्या खोलीतून तेवढं एकच दार आहे.

दीड महिन्यात त्याची नवरी येईल. तुझा बाप म्हणतो, एवढं चांगलं कापड कापायचं नाही, आईने प्रातोच्या मठात आत्याकडे राहावं. आत्या तिथे रोज कोबी खाते. मी पडदा उचलून पाहिला; ओलं मेंढरू खांद्यावर घेतल्यासारखं वाटलं. थकले रे. भांडायचाही कंटाळा आलाय. पाठवलास तू, तर तूच सांग, तो कापायचा की मी जायचं. बाप तुझंच ऐकेल.

ओल्यात हिंडू नकोस. लोभ उरला असेल तेवढा ठेव.

आजी दियानोरा

ब्रुज, २६ एप्रिल

ती. आजीस लापोचा शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. विणकराने विचारलं, आठ हात ना, आणि मी मान हलवली. पाच माणसं अकरा महिने त्यावर बसली होती. मी दर शनिवारी जाऊन बघायचो. कापा असं लिहायला बसलो, पण लिहवत नाही. उन्हाळ्यापुरती प्रातोला जाशील का? ऑक्टोबरात मी येतो, मग मार्ग काढू. बाबांनाही तसंच कळवलंय.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा लापो

फ्लॉरेन्स, २४ मे

चि. लापोस आशीर्वाद.

तुझं पत्र लग्नाच्या आदल्या दिवशी मिळालं. लग्न उरकलं तशी पेटी भरली, माझ्या लग्नात आली होती तीच. झाकणावरची रंगवलेली वरात निम्मी किड्यांनी खाल्लीय. सोमवारी खेचर यायचं होतं.

रविवारी सगळे चर्चला गेले. मी बाहेर यायला निघाले, ती पडद्याखाली अडकले, ना आत ना बाहेर. नवी नातसून सेल्वाजा डोकं दुखतं म्हणून घरीच होती. तिने मला ओढून काढलं, पाणी दिलं, विचारलं, आजी, हे रोजचंच का? मी म्हटलं, आजच्यापुरतं, उद्या प्रातोला चालले. ती पेटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, सात बाळंतपणं झालेली बाई या घरात दुसरी आहे का कुणी? माझ्या वेळी मी हाक कुणाला मारायची? आणि कात्री मागितली.

तिने ताणून धरलं, मी कापलं. हात थरथरतो, त्यामुळे शिकाऱ्याचा एक पाय गेला. तुझा बाप आला तेव्हा ती कड दुमडून टाके घालत होती. तो पुष्कळ बोलला. तिने मान वर न करता सांगितलं, मामंजी, दोरा संपलाय. गेला आणायला.

कापलेला तुकडा माझ्या पलंगामागे लावलाय. दोन कुत्रे आणि अर्धं झुडूप. भिंतीची ओल आता पाठीला लागत नाही. तुझ्यावर रागावले नव्हते, दमले होते. लोभ आहे तसाच आहे.

सोबत दोरी पाठवते. माझ्या दाराची रुंदी आहे. पुढे काही विणायला टाकशील तेव्हा आधी ही लावून बघ.

आजी दियानोरा