ढमाबाईची वीस मिनिटं

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळून आज नऊ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि ढमाबाईचं निमित्त काढून उठते. ढमाबाई म्हणजे परसातल्या पाच कोंबड्यांपैकी तपकिरी. नाव तुझ्या लेकीनं ठेवलंय. ही बया तीन आठवडे खुडूक बसली होती, अंडी उबवायचा हट्ट धरून. अंडी देणं बंद, खाणं नावापुरतं, हात पुढे केला की पिसं फुलवून टोचणार. माझ्या उजव्या हाताची पार चाळण झाली आहे, शिवणयंत्राचं चाक फिरवतानाही झोंबतं.

शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून कोंबडा मी केव्हाच देऊन टाकला. म्हणजे त्या अंड्यांतून पिल्लू निघणं शक्यच नाही, पण हे ढमाबाईला कोण सांगणार? अंडी काढून घेतली तर ती रिकाम्या गवतावर बसली. गवत काढलं तर उघड्या फळीवर. पोटापर्यंत गार पाण्यात बुडवली, चार दिवस जाळीच्या पिंजऱ्यात टांगली, कारण खालून वारा लागला की ऊब विसरते म्हणतात. सोडल्यावर बाईसाहेब तुरुतुरु थेट त्याच कोपऱ्यात! पालथ्या घड्यावर पाणी. मी खुराड्यासमोर बसून रडले गं. कोंबडीपायी कुणी रडतं का? तुझी लेक आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, बसू दे ना तिला, ती कुणाला त्रास देते?

शेवटी अंडीवाल्या आजींपुढे हात टेकले. त्या म्हणाल्या, कोंबडी वेडी नाही, वेडी तू आहेस. तिच्या पोटाखालून ओढशील तर टोचणारच. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, वीसेक मिनिटं, दाणापाण्याला उठते. तेवढ्यात सगळं आवरायचं आणि खुराड्याचं दार लावून घ्यायचं. परवा मी तसंच केलं. ढमाबाई दिवसभर बंद दाराभोवती ओरडत फिरली. ऐकवत नव्हतं. आज सकाळी मात्र चार दाणे टिपले तिनं.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू नोकरीसाठी गेलीस तेव्हा लेक अकरा महिन्यांची होती. माझ्या शिवणयंत्राचा पाय धरून ती चालायला लागली. बोलायला लागली तेव्हा मला आई म्हणाली. दोनदा मी चूक सुधारली. तिसऱ्यांदा नाही सुधारली. नंतर तुझा फोटो दाखवून ही तुझी मावशी, असं मीच शिकवलं. तुझा फोन आला की मी तिला लगेच कविता म्हणायला लावायचे आणि कविता संपताच फोन काढून घ्यायचे, आठवतं? तिनं तुला मावशी अशी हाक मारू नये म्हणून. तू तिकडून टाळ्या वाजवायचीस आणि मी इकडे मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. पण पुढच्या फोनला पुन्हा तेच करायचे.

तुला घर मिळालं, शनिवारी तिला न्यायला येते आहेस, हे वाचलं त्याच दिवशी मी तिला खरं सांगितलं. तिला तो खेळच वाटला. दिवसभर मला मावशी, मावशी म्हणत खिदळत होती. झोपताना म्हणाली, आता पुरे, आता पुन्हा आई हो. आणि धाकटे, मी झाले. पुन्हा सांगायचं माझ्याच्यानं होत नाही.

ती तुला मावशी म्हणेल. तिच्यावर रागावू नकोस, माझ्यावर जन्मभर राग धर. खरं तूच सांग, हळूहळू सांग. पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. तिला माझा कान धरून झोपायची सवय आहे. सुरुवातीला तुझा कान ढकलून देईल, तरी देत राहा. शनिवारी अकराला मी बाजारात अस्तराचं कापड आणायला जाईन. शेजारच्या काकू तिच्याजवळ बसतील. तू गल्लीच्या टोकाला थांब, मी वळणाआड गेले की ये आणि तिला घेऊन जा. वीस मिनिटं पुरतील. मी घरात असताना येऊ नकोस गं, माझ्या हातून ती सुटणार नाही.

तुझीच,
ताई