समुद्राला वापसा

ता. १४ ऑक्टोबर
दूध आज परत उतू गेलं. सुनेचं ध्यान चुलीवर न्हाईच, मोबाइलवर. त्यात समुद्राचा नकाशा, वर वाऱ्याच्या रेघा वळवळत्यात गांडुळं सोडल्यागत. ही त्या बघत बसती आन् म्हशीच्या कष्टाची राख व्हती. हे आधी लिवलं. आता देवा, तुला राम राम.
माझा दत्ता जहाजावर भटारखान्यात हाय. अरबी समुद्रात, ओमानच्या अंगाला. एवढंच सांगून गेला. बाकीचं सून वनिता नकाशात हुडकती.

ता. १५
रेडिओवर सांगितलं, कमी दाबाचा पट्टा झालाय, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. व. ला इचारलं, कमी दाब म्हंजे काय गं? म्हणली, "तिथली हवा हलकी व्हती आत्याबाई, मग चारी बाजूंनी दुसरी हवा तिकडं धावत सुटती." म्हणलं, "म्हंजे आमच्याकडं जेवण निघालं की तुझं म्हायेर सुटतं तसं." रडली. रडू दे, डोळं साफ व्हत्यात.

ता. १७
पट्ट्याचं वादळ झालं. नाव पण ठेवलंय त्याला. आमच्यात पोराचं नाव ठेवायचं तर आत्याला लुगडं लागतं, ह्याच्या आत्याला काय दिलं कुणास ठावं.
नकाशात जांभळा डाग, ओमानकडं सरकतोय. व. नं त्यावर बोट ठेवलं, "हितं हायेत हे." वादळ सरूस्तवर भाकरीला शिवायची न्हाई म्हणती. म्हणलं, नको शिवू, पीठ वाचलं.
नात पिंकी म्हणली, "आज्जी, पप्पा बुडतील का?" म्हणलं, भटारखान्यातली माणसं शेवटी बुडत्यात, आधी साहेब लोक.
शेजारचा बबन दात काढीत आला. "आजी, खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या आभाळातलं ऐकत्यात म्हणं. लेकाचं जहाज ऐकू येतं का इचारा की."
"तुझी बायको रोज बोंबलती ती तुला ऐकू येत न्हाई. तिथनं सुरवात कर."
गेला.

ता. १८
डाग तिथंच घुटमळतोय. रेडिओ म्हणतो समुद्र लई खवळलाय. व. नुसत्या चहावर. खुरपं हातातनं पडतंय. पडलं तर उचलायचं, दुसरं काय.

ता. १९
दत्ताचा फोन आला! नुसता आवाज. तोंड कधी दावत न्हाई, समुद्रात रेंज पुरत न्हाई म्हणतो. व. ला हुंदक्यापुढं बोलता येईना, म्हणून मी घेतला.
"दत्ता, लाटा कशा हायेत रं?"
"लाटा? ...काय नाय आये. काल बक्कळ पडला, आज ऊन हाय. उद्यापस्तोर वापसा यील."
मग घाईनं म्हणला,
"ठेवतो आये, साहेब बोलावतोय."
व. म्हणली, "बरे हायेत ना?" बरा हाय म्हणलं. बसून जेवली. कोरड्यास परत मागून घेतलं.
वापसा.
वापसा रानाला येतो. चिखल सुकला, पायाला माती चिकटायची थांबली, की येतो. मग कांद्याची रोपं लावायची. समुद्राला कुठला वापसा?

ता. २०
रोपं लावताना दिवसभर तेच डोक्यात. जल्म रानात गेला त्याचा, तोंडात बसलेला शब्द निसटला आसंल. न्हाईतर तो कुणाच्या तरी रानात उभा हाय. आन् त्या रानाला मालकीण आसंल.
डाग अजून ओमानवरच. ऊन कुठलं पडलं त्याला?
"आत्याबाई, गप का?"
"दात दुखतोय."
दात हायेत कुठं मला. पण तिला कळलं न्हाई.

ता. २१
आज व. चा मोबाइल घेऊन बांधावर एकटी गेले. पिंकीनं दावलं व्हतं तसं माईकचं चित्र दाबून धरलं आन् बोलले, "दत्ता, वनिताला मंचरच्या दवाखान्यात टाकलीया. शुद्धीवर न्हाई. डॉक्टर म्हणतो, कुणाला बोलवायचं आसंल तर बोलवा." सोडलं.
समुद्रातला आसंल तर नुसता तडफडंल, यायला वाट न्हाई. रानातला आसंल तर मोटरसायकल काढंल. खरंच जहाजावर आसला तर? तडफडू दे. ही पण उपाशी राहिलीच की.
रानातला आसून बी आला न्हाई, तर
ते उद्या.

ता. २२
निळ्या खुणा आल्या. म्हंजे ऐकलं त्यानं. उत्तर न्हाई.
व. ला चुलीम्होरं बसवून समदं सांगितलं. वापसा म्हणला, तेवढ्यावरच तिची मान वर आली. पुढचं बोलायची गरज पडली न्हाई, ती बी रानातच वाढलीया. दवाखान्याचं ऐकून म्हणली, "मला मारलीच जनू तुमी." म्हणलं, व्हय.
तिनं नकाशा बंद केला. दूध तापाय ठेवलं. उतू जायच्या आधी उतरवलं.
मोबाइल ओट्यावर मधोमध ठेवलाय. फोन वाजू दे न्हाईतर वाटंवर गाडी वाजू दे. पिंकीनं हात लावायचा न्हाई. मी जागची हलायची न्हाई. बबनला पायरी चढू द्यायची न्हाई. दवाखान्यात पडलेल्या बाईनंच उठायचं आन् तिनंच बोलायचं.