तांदळाचं पोतं कुठे ठेवायचं

रविवार, संध्याकाळ

लय खुशी होऊन राहिली! उद्या कचारगडच्या जत्रेला सगळ्या घराच्या जेवणाचं सामान माझ्या बाइकच्या ट्रेलरमधून न्यायचं आहे. बाबा म्हणाले, "आधी भरून चालवून दाखव. नाही जमलं तर म्हणून मी टेम्पो सांगून ठेवला आहे."

आमगाव रोडवर ट्रायल घेतली, तर ट्रेलर शेपटीसारखा हलून राहिला. लाल रिफ्लेक्टर, जाळी, हुकवाले रबर, सगळं नवीन लावलं होतं. मग काऊन? तांदळाचं पोतं मी एकदम मागे ठेवलं होतं. जत्रेत पोहोचल्यावर आधी तांदूळच काढावा लागतो ना! मला तर लय स्मार्ट वाटलं होतं.

काकाजी शेतावरून येत होते, ते बघून हसले. "बैलगाडी भरली का कधी? मागे भार टाकला तर जू वर उठते ना बे!"

ट्रेलरचा बाइकला जोडलेला दांडाही तसाच वर उठून राहिला होता. इतके व्हिडिओ पाहिले, हे डोक्यात काऊन नाही आलं? दोघांनी ते पोतं चाकाच्या थोडं पुढे सरकवलं. स्वयंपाकाचे मोठे गंज मध्ये, पत्रावळी वर, त्यावर ताडपत्री. मग चाळीसच्या स्पीडलाही ट्रेलर एकदम सरळ!

घरी आलो तेव्हा काकाजींचा फोन आधीच पोहोचला होता. बाबा टेम्पोवाल्याला सांगून राहिले होते, "नको येऊ भाऊ. पोरगा नेते."